अल्बस सेव्हरस : हॅरीने मुलाला हीच दोन नावं का दिली?

सांजवेळ
(धाग्यात अगदी शेवटापर्यंतचं सगळं उघड होणार आहे. हॅरी पॉटर वाचायचं राहिलं असेल तर इथूनच मागे फिरा.)

लेक अकरा वर्षांची आहे. गेलं वर्षभर रोज रात्री मी तिला हॅरी पॉटर वाचून दाखवतेय. आता सातव्या पुस्तकाच्या मध्यावर आलोय, पण मैत्रिणीने तिला शेवट आधीच सांगून टाकलाय. परवा दिवा मालवता मालवता तिने विचारलं, "आई, हॅरीने मुलाचं नाव डंबलडोर आणि स्नेपवरून का ठेवलं? एकाने त्याच्यापासून सगळं लपवलं आणि दुसऱ्याने त्याला छळलं. लुपिनने काय वाईट केलं होतं?"

(अल्बस डंबलडोर म्हणजे हॅरीच्या जादूच्या शाळेचा मुख्याध्यापक. सेव्हरस स्नेप आणि लुपिन तिथले शिक्षक.) मला उत्तर देता आलं नाही. शेवटचं पुस्तक २००७ साली आलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि त्या नावाशी आल्यावर ढसाढसा रडले होते. आता आई होऊन वाचताना तेच नाव घशाखाली उतरत नाहीये. डंबलडोर गुरू म्हणून कसा होता? हॅरीला खरं घडवलं कुणी? तुम्हाला काय वाटतं ते मनापासून लिहा, मला तिला सांगायचंय.

रातकिडा
रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत लिहीन.

दगडफूल
लेकीला माझा पूर्ण पाठिंबा. डंबलडोरचं एक वेळ समजून घेईन, पण स्नेप? तिसऱ्या पुस्तकातला बॉगार्ट म्हणजे समोरच्याच्या सगळ्यात मोठ्या भीतीचं रूप घेणारा प्राणी. हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलच्या आईवडिलांचा छळ करून त्यांची शुद्ध कायमची हिरावून घेतली होती आणि तरी त्या पोराची सगळ्यात मोठी भीती कोण, तर त्याला शिकवणारा मास्तर! यापुढे हॅरीच्या आईवरचं, लिलीवरचं प्रेम, त्या प्रेमाची खूण असलेली रुपेरी हरिणी वगैरे मला काही सांगू नका.

उंबरठा
दगडफूल, नेव्हिलचं मान्य. हॅरीच्या मैत्रिणीच्या, हर्मायनीच्या दातांवरून बोलला तेही मान्य. पण स्नेपने केलं काय तेही बघा. खलनायक वोल्डेमॉर्टसमोर त्याचाच माणूस बनून वर्षानुवर्षं खोटं बोलायचं, एक चूक झाली की मरण. ज्याच्या बाजूने लढतोय त्यांनी आपला तिरस्कार करायचा. डंबलडोरला त्याच्याच सांगण्यावरून मारायचं आणि खुनी म्हणून जगायचं. आणि हे सगळं कुणाला कळू नये ही अटही त्याचीच. हॅरी मुलाला सांगतो तेव्हा स्नेप चांगला होता असं म्हणत नाही, धाडसी होता म्हणतो. धाडस आणि चांगुलपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे हॅरीला कळलंय, इतकाच त्या नावाचा अर्थ मी घेते.

दगडफूल
धाडसी होता, मान्य. पण वोल्डेमॉर्टला हरवू शकेल असं मूल जन्माला येणार हे भाकीत त्याच्या कानावर घातलं कुणी? यानेच. आणि ते लिलीच्या मुलाबद्दल आहे कळल्यावर मागितलं काय, तर फक्त लिलीचा जीव. नवरा आणि पोर मेले तरी चालले असते. खुद्द डंबलडोरला तेव्हा त्याची किळस आली होती.

उंबरठा
तिथूनच तर त्याचा प्रवास सुरू होतो ना. शेवट जिथे झाला तिथून माणूस मोजायचा की सुरुवात जिथे झाली तिथून?

टिपकागद
मी सव्वीस वर्षं सातवी-आठवीच्या मुलांना शिकवतेय, त्यामुळे लुपिनच्या बॉगार्टच्या तासाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

तास सुरू व्हायच्या आधी स्टाफरूममध्ये काय होतं आठवा. स्नेप जाता जाता सगळ्या वर्गासमोर सांगतो की या लाँगबॉटमला काही अवघड देऊ नका. नेव्हिल लालेलाल होतो. लुपिन स्नेपशी वाद घालत नाही. तो शांतपणे एवढंच म्हणतो की पहिल्यांदा नेव्हिलचीच मदत घ्यायची असं मी ठरवलं होतं आणि तो छान करेल याची मला खात्री आहे. मग कपाट उघडतं, स्नेप बाहेर येतो आणि बघता बघता त्याच्या अंगावर नेव्हिलच्या आजीचा लेस लावलेला झगा, डोक्यावर गिधाडाची टोपी आणि हातात लाल पर्स येते. सगळा वर्ग हसतो. शेवटी बॉगार्टला संपवायचं असतं तेव्हाही लुपिन पुन्हा नेव्हिललाच पुढे बोलावतो.

दोन वेळा. सुरुवातीला आणि शेवटाला. पहिल्यांदा जमलं ते नशिबाने जमलं असं त्या मुलाला घरी गेल्यावर वाटू नये म्हणून दुसऱ्यांदा. हे ज्याला सुचतं तो हाडाचा शिक्षक. एखाद्या मुलावर "याला जमणार नाही" असा शिक्का बसला की तो पुसायला किती वर्षं लागतात ते मी रोज बघते. लुपिनने तो एका तासात पुसायला घेतला.

सांजवेळ
टिपकागद, हे लेकीला आजच वाचून दाखवते.

शेवटचा बाक
टिपकागद, सुंदर लिहिलंत. पण लुपिन इतकाही धुतल्या तांदळासारखा नाही हो. हॅरीच्या वडिलांचा आणि लुपिनचा मित्र सिरियस हव्या त्या वेळी कुत्रा होऊ शकतो हे त्याला माहीत होतं. सिरियस खुनी आहे असं सगळे मानत होते, तो शाळेत घुसत होता आणि हे साहेब वर्षभर गप्प. का, तर शाळेत असताना डंबलडोरचा विश्वास मोडला होता हे कबूल करायला नको. मुलांचा जीव धोक्यात असताना! आणि सातव्यात बायको टॉन्क्स गरोदर असताना तिला सोडून निघाला होता. सतरा वर्षांच्या हॅरीला त्याला तोंडावर भित्रा म्हणावं लागलं.

टिपकागद
खरंय. म्हणूनच तो मला जवळचा वाटतो. हॅरीने सुनावल्यावर संतापून निघून गेला, पण टॉन्क्सकडे परत गेला. विद्यार्थ्याने गुरूला रस्त्यावर आणलं. असं किती गोष्टींत दिसतं?

मोरपंखी
डंबलडोरबद्दल कुणीच का बोलत नाहीये? मला तो द्रोणाचार्यांसारखा वाटतो. शिष्याकडून सर्वस्व मागणारा.

रातकिडा
मोरपंखी, बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत, पण तुलना अर्धीच लागू पडते. द्रोणांनी अंगठा मागितला तो समोर उभं राहून मागितला. एकलव्याला काय द्यायचंय ते कळत होतं. डंबलडोरने मागितलंच नाही. तो देण्याची वेळ येईपर्यंत गप्प राहिला.

आता सविस्तर. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी दवाखान्यात पडलेला अकरा वर्षांचा हॅरी विचारतो, वोल्डेमॉर्टला मला का मारायचं होतं? डंबलडोर म्हणतो, आज नाही सांगत. (सांजवेळ, हॅरी तेव्हा तुमच्या लेकीच्या वयाचा होता बघा.) मग दुसरं वर्ष, तिसरं, चौथं. दरवेळी पोर जिवावरच्या संकटातून बाहेर येतं आणि दरवेळी म्हातारा ठरवतो की अजून लहान आहे, आज नको. पाचव्यात तर वर्षभर त्याच्याकडे बघतही नाही. त्यामागे कारण होतं, पण ते कारणही सांगत नाही. त्याची किंमत सिरियसने जीव देऊन मोजली. तेव्हा कुठे डंबलडोर सगळं सांगायला बसतो आणि कबूल करतो की चूक माझी, तुझं सुख मला सत्यापेक्षा जास्त प्रिय झालं.

ते प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याचा राग आला होता. गेल्या वर्षी वडिलांच्या आजारपणात मी स्वतः तेच केलं. रिपोर्ट हातात होता आणि आज नको, उद्या सांगू करत तीन आठवडे घालवले. त्या तीन आठवड्यांत त्यांना जे करायचं होतं, ज्यांना भेटायचं होतं, ते राहून गेलं. प्रेमापोटीच लपवलं होतं. तरी तो वेळ त्यांचा होता आणि तो मी घेतला. म्हणून आता डंबलडोरचा राग येत नाही, पण त्याला निर्दोषही म्हणता येत नाही.

उंबरठा
रातकिडा, काळजी घ्या. हे लिहायला सोपं गेलं नसणार.

दगडफूल
+१. आणि सिरियस गेल्यावर तरी सगळं सांगितलं का? नाही! सगळ्यात मोठी गोष्ट, वोल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा तुझ्यातच आहे आणि तुला मरावं लागेल, ती स्नेपला सांगितली. हॅरीला ती मरणाच्या तासभर आधी दुसऱ्याच्या आठवणीत डोकावून कळली. हे ऐकून स्नेपसुद्धा हादरतो की कत्तलीसाठी पोसलात का या पोराला.

पाऊलखूण
इथे एक बारकावा हवा. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी हॅरी सांगतो की वोल्डेमॉर्टने माझं रक्त घेतलं. तेव्हा क्षणभर डंबलडोरच्या डोळ्यांत विजयाची चमक दिसल्याचा हॅरीला भास होतो. ती एक ओळ येते आणि पुढच्याच क्षणी तो पुन्हा थकलेला म्हातारा दिसतो. त्या रक्तामुळे लिलीने जीव देऊन हॅरीला दिलेलं संरक्षण वोल्डेमॉर्टच्याच शरीरात जिवंत राहिलं, म्हणजे हॅरी वाचू शकतो, हे त्याला तिथेच उमगलं होतं. तो हॅरीला मरायला पाठवत नव्हता, वाचायची आशा धरून पाठवत होता. आणि ते आधी सांगितलं असतं तर हॅरीचं जाणं खरं बलिदान झालंच नसतं. वाचणार हे माहीत असून गेला असता तर मागे राहिलेल्यांना त्याचं संरक्षण मिळालं नसतं.

दगडफूल
म्हणजे गणित बरोबर होतं. माणुसकीचं काय?

पाऊलखूण
गणित चुकलं असतं तर सगळेच मेले असते, माणुसकी दाखवायला कुणी उरलंच नसतं. वय वर्षं अठरा असताना मीही तुमच्याच बाजूने होतो. आता दोन्ही बाजू दिसतात.

मोरपंखी
तरुण डंबलडोर आणि त्याचा तेव्हाचा मित्र ग्रिंडेलवाल्ड यांचं घोषवाक्यच मुळी 'व्यापक हितासाठी' हे होतं. पुढे ग्रिंडेलवाल्डने तेच आपल्या तुरुंगाच्या दारावर कोरलं. त्या विचाराची पहिली किंमत डंबलडोरच्या बहिणीने, आरियानाने मोजली. तो धडा शिकूनच तो मंत्रिपदापासून आयुष्यभर लांब राहिला, कारण सत्ता हाती आली की आपलं काय होतं हे त्याला कळलं होतं. पण हॅरीच्या बाबतीत? व्यापक हितासाठी एक पोर. पुन्हा तेच. मला ही सगळ्यात करुण गोष्ट वाटते. माणूस चूक ओळखतो, तिच्यासाठी आयुष्यभर रडतो आणि तरी तिच्याच वाटेने परत जातो.

रातकिडा
मोरपंखी, जबरदस्त. द्रोणाचार्य सोडा, हे जास्त पटलं.

शेवटचा बाक
थोडं वेगळं सांगतो. चौथ्या पुस्तकातला मूडी आठवतो? खरा नाही, त्याचं रूप घेतलेला बार्टी क्राऊच धाकटा. खुनी, वोल्डेमॉर्टचा कट्टर भक्त. त्याने वर्गात हॅरीवर इम्पेरियस (समोरच्याला ताब्यात घेणारा मंत्र) पुन्हा पुन्हा टाकला आणि हॅरीला तो पूर्ण झुगारता येईपर्यंत सोडलं नाही. पुढे स्मशानात वोल्डेमॉर्टने तोच मंत्र टाकला तेव्हा हॅरीच्या तोंडून नकार निघाला तो या शिकवणीच्या जोरावर. सगळ्यात कामाचा धडा सगळ्यात वाईट माणसाने दिला! मग गुरू कुणाला म्हणायचं? विद्या देणाऱ्याला की भलं चिंतणाऱ्याला?

टिपकागद
शेवटचा बाक, दोन्ही लागतं. पण एकच मिळणार असेल तर मुलाला भलं चिंतणारा माणूस मिळावा. विद्या नंतरही मिळते.

चांदणवेल
मॅकगोनागल बाईंचं नाव अजून कुणीच घेतलं नाही?? पाचव्यात हॅरी सरकारने शाळेत आणून बसवलेल्या अंब्रिजवर वर्गात ओरडतो, शिक्षा होते आणि चिठ्ठी घेऊन बाईंकडे जातो. त्याला वाटतं आता इथेही बोलणी खावी लागणार. बाई विचारतात, खरंच ओरडलास? तिला खोटारडी म्हणालास? ज्याचं नाव घ्यायचं नाही तो परत आलाय म्हणालास? तो दरवेळी हो म्हणतो. मग त्या म्हणतात, बिस्किट घे. त्याला आधी कळतच नाही. नंतर त्या सांगतात की जपून राहा, ही बाई कुणाला जाऊन सांगते ते बघ. राग त्याच्या वागण्याचा नाही, काळजी त्याच्या जिवाची. पुढे करिअर सल्ल्याच्या वेळी अंब्रिजच्या तोंडावर ठणकावतात की जीव गेला तरी याला ऑरर (दुष्ट जादूगारांना पकडणारा) करून दाखवीन. मला आयुष्यात असं एक माणूस मिळालं होतं, म्हणून मी आज उभी आहे.

दगडफूल
चांदणवेल, त्याच बाईंवर थुंकल्याबद्दल हॅरीने वोल्डेमॉर्टच्या बाजूच्या कॅरोवर क्रूशिएटस, म्हणजे यातना देणारा मंत्र, टाकला. माझ्या मते तो मालिकेतला नैतिक घोळ आहे. ज्या मंत्राने नेव्हिलच्या आईवडिलांची ती गत केली तो मंत्र नायक वापरतो आणि बाई रागावतही नाहीत.

चांदणवेल
दगडफूल, तिथे मीही थबकते दरवेळी. पाचव्यात सिरियसला मारणाऱ्या बेलाट्रिक्सवर टाकला होता तेव्हा तो नीट लागू पडला नव्हता, कारण मनात तसा दुष्टपणा नव्हता. सातव्यात लागू पडतो. लेखिकेने हे मुद्दाम दाखवलं असं मी मानते. लढाई हॅरीलाही बदलत होती.

पाऊलखूण
आणि तरी शेवटच्या द्वंद्वात तो वोल्डेमॉर्टला म्हणतो की पश्चात्ताप करून बघ, आणि वापरतो काय तर हातातली कांडी उडवणारा साधा मंत्र.

नभांगण
अवांतर : सिनेमात हॅरी एल्डर कांडी मोडून फेकून देतो. पुस्तकात आधी तिने स्वतःची मोडलेली कांडी जोडतो आणि मग ती डंबलडोरच्या थडग्यात परत ठेवायचं ठरवतो. पुस्तकातलं मला हजारपट आवडतं. त्याला त्याची जुनी कांडीच हवी होती.

उंबरठा
नभांगण, अवांतर नाहीच हे. जगातली सगळ्यात ताकदवान वस्तू हातात असताना आपलं तेवढं नीट करून घ्यायचं आणि बाकीचं परत ठेवायचं. डंबलडोरला हे जमलं नव्हतं. शापित असणार हे विसरून ती अंगठी त्याने बोटात घातली, कारण त्यातल्या खड्याने मेलेली माणसं परत दिसतील असं वाटलं. तिथेच त्याचा हात काळा पडला आणि तिथूनच त्याचं मरण सुरू झालं. शिष्य गुरूच्या पुढे गेला तो इथे.

नभांगण
मला नायक विचाराल तर नेव्हिल. भाकीत त्यालाही लागू होत होतं, तो हॅरीच्या एक दिवस आधी जन्मला. वोल्डेमॉर्टने हॅरी निवडला म्हणून याच्या वाट्याला ना खूण आली ना प्रसिद्धी. पाचव्यात सेंट मुंगोज दवाखान्यात त्याची आई येते आणि त्याच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते, असे कागद तिने इतके दिलेत की तुझ्या खोलीच्या भिंती मढवता येतील, टाक कचऱ्यात. आणि जाताना हॅरीला दिसतं की नेव्हिलने तो हळूच खिशात टाकला. बस्स, एवढंच. सातव्यात तो तलवारीने वोल्डेमॉर्टच्या नागिणीचं डोकं उडवतो तेव्हा मला तो कागदच आठवतो.

सांजवेळ
नभांगण, तो प्रसंग वाचताना माझा आवाज फुटेना. लेकीने पुस्तक हातातून घेतलं आणि पुढचं पान तिने वाचलं.

टिपकागद
नेव्हिलला घडवलं कुणी ते बघा. लुपिनने सुरुवात केली आणि पुढे हॅरीने. शाळेतल्या लपलेल्या 'गरजेच्या खोलीत' हॅरी एकेकाजवळ जाऊन कांडी धरायला शिकवायचा, तिथे नेव्हिल सगळ्यात झपाट्याने पुढे गेला. सातव्यात हॅरी नसताना शाळेत बंड चालू ठेवलं ते नेव्हिलने. तो हॅरीला सांगतो की तू उभा राहायचास तेव्हा सगळ्यांना आशा वाटायची, ते मी बघायचो. विद्या अशीच पुढे जाते.

मोरपंखी
लुपिनचं नाव का दिलं नाही याला एक उत्तर सुचतंय. टेडी. टेडी हा लुपिनचा मुलगा, हॅरीचा मानसपुत्र, आठवड्यातून चार वेळा त्यांच्या घरी जेवायला. लुपिनचं नाव लावायला त्याचा स्वतःचा मुलगा होता. डंबलडोर आणि स्नेप यांना मूलबाळच नव्हतं.

दगडफूल
अरे! हे पटलं. स्नेपबद्दल अजूनही माझं मत बदललेलं नाही, पण हे पटलं.

उंबरठा
दगडफूल यांना काहीतरी पटलं, धागा सार्थकी लागला. :)

सांजवेळ
बारा दिवसांनी परत आलेय. काल रात्री जंगलाचं प्रकरण वाचलं.

हॅरी एकटा मरायला निघालाय. स्निच (त्यांच्या खेळातला छोटा सोनेरी चेंडू) उघडतो, आतला तो अंगठीतला खडा हातात फिरवतो आणि मेलेली माणसं येतात. वडील, आई, सिरियस, लुपिन. लेक उठून बसली आणि तिने बोटांवर मोजलं. चारच. म्हणाली, "डंबलडोर आलाच नाही."

इतक्या वेळा वाचूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. तो खडा डंबलडोरनेच त्याच्यासाठी ठेवलाय आणि तरी त्या चौघांत तो नाही.

पुढे हॅरी सिरियसला विचारतो, मरताना दुखतं का? तिने मला तिथेच थांबवलं. म्हणाली, "आई, हे त्याने डंबलडोरला विचारलं नसतं. डंबलडोर त्याला काहीतरी मोठं सांगत बसला असता." मी विचारलं, मग नाव का दिलं? ती बराच वेळ छताकडे बघत होती. मग म्हणाली की ज्यांना सोबत घ्यायचं ते वेगळे आणि ज्यांना माफ करायचं ते वेगळे असतील.

रातकिडा
पुढच्या प्रकरणात, किंग्ज क्रॉसला, डंबलडोर रडतो आणि हॅरीकडे माफी मागतो. ते वाचलंत का?

सांजवेळ
नाही, आज रात्री. तिला अजून माहीत नाही, प्लीज इथे कुणी पुढचं लिहू नका. ती आता माझ्या मागे उभी राहून हा धागा वाचतेय.